मुद्रेवरचा घाव

साल्तापाम्बाच्या मोठ्या चर्चमध्ये काचेच्या कपाटात एका जुन्या बिशपची, कागदांवर उठवायची चांदीची मुद्रा ठेवली आहे. तिच्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. एवढी सुंदर वस्तू कोणी खराब केली, म्हणून बघणारे हळहळतात. खराब बिराब काही नाही. मेलेल्याच्या नावाने कोणी कागद काढू नये म्हणून बिशप वारला की त्याची मुद्रा घाव घालून बाद करायची, अशी रीतच आहे. हळहळायचंच तर सोइलासाठी हळहळा.

सोइला मेणबत्त्या करणारी विधवा. तिच्या एकुलत्या एक लेकाने, लिसांद्रोने, गळफास घेतला. जीव देणाऱ्याला पवित्र जमिनीत जागा नाही, म्हणून त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर निवडुंगात पुरलं. दोन वर्षं ती बिशपच्या दारी खेटे घालत होती. शेवटी म्हातारा विरघळला. ‘पोराला आत घ्या’ असं लिहून त्याने सही केली. फक्त मुद्रा उठायची राहिली.

"मुद्रा उठवायचं लाल मेण नेमकं संपलंय," सेक्रेटरी पाद्रे बेनिग्नो म्हणाला. "तुमच्याकडूनच येतं ना? आहे का जवळ?"

जवळ होतं. दारूच्या बाटल्या बंद करायला केलेलं.

"हे गुत्त्यावरचं आहे, पाद्रे. माझ्या लेकराच्या कागदाला चांगलं मेण हवं. उद्या सकाळी आणते."

"अहो, मेण ते मेण!"

"तुम्हाला काय कळतंय मेणातलं," म्हणत ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली बिचारी.

सकाळी ती ताजं मेण घेऊन निघाली, तर चर्चच्या घंटा वाजत होत्या. बिशप पहाटेच गेला होता. दालनात पाद्री जमलेले, आणि मेजापाशी छिन्नी-हातोडा घेऊन सोनार एफ्राइन उभा. लिसांद्रोचा धर्मबाप तोच.

"मुद्रा एकदाच उठवा हो!" सोइला म्हणाली. "सही त्यांचीच आहे."

"मुद्रा मेल्यावरची होईल, बाई," थोरले पाद्री म्हणाले. "कागद खोटा ठरेल. नव्या बिशपकडे अर्ज करा."

"नवा कधी येणार?"

"ते रोमला ठाऊक."

"एफ्राइनभाऊ, तुम्ही हातांवर धरलं होतंत त्याला बाप्तिस्म्याला. जरा थांबा ना."

एफ्राइनने थोरल्या पाद्र्यांकडे पाहिलं. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि घाव घातला.

नवा बिशप यायला सहा वर्षं लागली. मुद्रेवाचून सहीला अर्थ नाही, असं सांगून त्याने कागद परत केला. आपल्या मनाने परवानगी द्यायला तो तयार नव्हता.

सोइला तिथून थेट दफनभूमीच्या कारकुनाकडे गेली. आत नवऱ्याशेजारी तिच्यासाठी जागा राखलेली होती.

"ती कोणालाही द्या. मला बाहेर पुरा, लिसांद्रोशेजारी."

"वेड लागलंय का, मावशी? तिथे प्रार्थनासुद्धा म्हणणार नाही कोणी."

"नको म्हणू दे," सोइला म्हणाली. "आठ वर्षं झाली, बाबा, पोर तिथे एकटं आहे."