एका ओळीचं पत्र

सकाळी दहाला टीव्हीवर बातमी झळकली आणि मी हातातला कॉफीचा मग टेबलावर आदळला. आठ सह्या! पंधरा मंत्र्यांतले आठ जण फितले, वर उपाध्यक्ष क्वेडबाईंची सही, आणि पत्र कॅपिटॉलला, संसदेत पोचलंसुद्धा. अध्यक्ष एल्डन हॅगर्टी आपलं काम करायला असमर्थ आहेत, सबब आत्तापासून कारभार क्वेडबाई पाहतील!

"असमर्थ म्हणे! मेल्यांनो, तुम्हाला मंत्री केलं कोणी?" मी टीव्हीलाच झापलं.

मी नेटी ब्रुबेकर. हॅगर्टीसाहेब नेब्रास्काचे गव्हर्नर झाले तेव्हापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, त्यांची पत्रं मीच टाइप करते. त्यांच्याविरुद्ध कोणी ब्र काढला तर माझं डोकं फिरतं. सोमवारी त्यांनी एकाच सेनापतीला एका दिवसात दोनदा बडतर्फ केलं, त्यावर किती तो गदारोळ! सेनापती होताच त्या लायकीचा, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं.

एवढ्यात कार्यालयप्रमुख लोव्हेट धावत आला. टाय खांद्यावर, चेहरा लालबुंद.

"नेटी, टाइप करा! एकच ओळ. 'माझ्यात कोणतीही असमर्थता नाही.' खाली साहेबांची सही."

"बास?"

"बास! घटनेतच सोय आहे. हे पत्र पोचलं की खुर्ची परत साहेबांची. क्वेडबाईंना नाक खुपसायचं तर चार दिवसांत पुन्हा हरकत घ्यावी लागेल, वर संसदेत दोन तृतीयांश मतं. कुठून आणणार?"

माझ्या अंगात वारंच शिरलं. इतकं सोपं! एका मिनिटात कागद तयार केला आणि आम्ही दोघं साहेबांच्या राहत्या मजल्याकडे जिना चढत सुटलो. माझे गुडघे रोज कुरकुरतात, त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पत्र न्यायला बाहेर गाडी सुरू करून ठेवली होती. अकराच्या आत त्या क्वेडबाईंचं तोंड बघायचंच, असं मी ठरवून टाकलं.

साहेब खिडकीपाशी बसून टोस्टला लोणी लावत होते.

"नेटी! ये, ये. एवढी धापा टाकतेस, गुरं सुटली का कुणाची?"

बघा! याला म्हणे असमर्थ! मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. लोव्हेटने पेन पुढे केलं. साहेबांनी चष्मा लावला आणि ओळ मोठ्याने वाचली. मग पुन्हा वाचली.

"कोण रे हा?"

"साहेब, फक्त सही करा," लोव्हेट म्हणाला.

"अरे, पण माणूस कोण? मला काही झालेलं नाही, असं लिहून द्यायची वेळ आलीय बिचाऱ्यावर. माझ्या बाबांचं असंच झालं होतं. आम्ही किल्ल्या काढून घेतल्या, तर तासभर बंद ट्रॅक्टरवर बसून राहिले." त्यांनी पेन खाली ठेवलं. "याला त्याच्या माणसांनी नीट समजावून सांगितलं का?"

लोव्हेटने मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"मशीन," तो कुजबुजला. "चला."

सहीचं मशीन खाली माझ्या ताब्यात असतं. पट्टीत खरं पेन अडकवायचं, बटण दाबायचं, की साहेबांची सही उमटते, 'एच'च्या शेपटीसकट. शाळेतल्या पोरांना, शंभरी गाठलेल्या आजीबाईंना शुभेच्छा पाठवायच्या, त्यासाठी ते आहे. पण गेले आठ महिने मी त्यावर कसले कसले सरकारी कागद सही करून काढले होते! साहेब थकलेत. साहेबांचा हात दुखतो. साहेब उद्या वाचतील. सगळी कारणं माझीच होती, आणि एकही मला कोणी विचारलं नव्हतं.

मी कागद ठेवला, पेन अडकवलं, बटणावर बोट ठेवलं. दाबलं की झालं! क्वेडबाई घरी, ते आठ हरामखोर घरी, साहेब खुर्चीत. आणि मग पुढची सही कोण करणार? त्याच्या पुढची? या देशाचा कारभार नेटी ब्रुबेकर बघणार, नेब्रास्काची टायपिस्ट!

"विचार कसला करताय? एकोणतीस वर्षांची निष्ठा गेली कुठे?"

"तीच आडवी येतेय," मी म्हटलं आणि कागद टराटरा फाडला. लोव्हेटने मला काय काय शिव्या घातल्या, ते लिहिण्यासारखं नाही. मीही दोन परत केल्या.

वर गेले. साहेबांसमोर खुर्ची ओढून बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी न विचारता कधी बसले नव्हते.

"साहेब, तो माणूस तुम्हीच आहात."

त्यांनी टोस्ट बशीत ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील, मला हाकलतील.

"तू कधी माझ्याशी खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले.

"आठ महिने बोलतेय, साहेब."

मग त्यांनी माझा हात धरला.

"नेटी, हे मी विसरेन. विसरलो की पुन्हा सांगशील? मी चिडलो तरी?"

"चिडलात तरी सांगेन."

जेवणाच्या वेळेपर्यंत मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या वेळी ते रडले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मग काम कोण बघतंय?" मी म्हटलं, "मिसेस क्वेड." ते म्हणाले, "हुशार बाई आहे. मीच निवडली होती ना?" मी म्हटलं, "हो साहेब, तुम्हीच."