क्व्हेताची आलुबुखारं

त्या सप्टेंबरात पोलंडचं चलन, झ्लॉटी, घसरलं आणि आमच्या अख्ख्या गावाने गाड्या काढल्या. सीमा सात किलोमीटरवर. पलीकडच्या बाजारात कांदे, लोणी, फळं, सगळं आमच्या चेक कोरुनांत एकदम स्वस्त. मीही दर शनिवारी जायचे. फक्त शेजारच्या क्व्हेताच्या फाटकावरून जाताना मान खाली घालायचे. तिची विकायला ठेवलेली आलुबुखारं टोपल्यांत तशीच पडलेली असायची.

तिसऱ्या शनिवारी ती गाडीसमोर आडवी उभी राहिली.

"मलाही घे. माझं गिऱ्हाईक पळवणारा तो मेला दिसतो तरी कसा, बघते."

पलीकडच्या बाजारातला तो फळवाला निघाला साठीतला, पांढऱ्या मिशांचा लुद्विक. ती चेक बोलत होती, तो पोलिश. पण भांडणापुरतं दोघांना छान कळत होतं.

"अहो, फळं फुकट वाटताय का?"

"बाई, भाव मी नाही पाडला. झ्लॉटी पडला. खत मात्र मला युरोच्या भावाने घ्यावं लागतं! तुमची कोरुना पडली होती, तेव्हा आमचे लोक तुमच्याकडे धावत होते. मी आलो होतो भांडायला?"

क्व्हेताने हातात उचललेलं त्याचं फळ परत ठेवलं. कोरुना पडली त्याच वर्षी, त्या गिऱ्हाइकांच्या पैशांतून, तिने घरावर नवं छप्पर घातलं होतं.

लुद्विकने तिला खोक्यावर बसवून चहा दिला. म्हणाला, "इथे सगळं मिळतं, पण गरम खायला काही नाही. तुमचे लोक उपाशीपोटी फिरत असतात."

पुढच्या शनिवारी माझ्या गाडीत तिच्या टोपल्या, शेगडी आणि मोठं पातेलं. पीठ, पनीर, लोणी तिने तिथेच स्वस्तात घेतलं. लुद्विकने खटपट करून शेजारची जागा मिळवून दिली होती. आलुबुखार पोटात घालून उकडलेले पिठाचे गोळे, वर कुस्करलेलं पनीर, साखर आणि वितळलेलं लोणी. वासावर रांग लागली, आणि रांगेत सगळं आमचंच गाव!

"क्व्हेता, तू इथे?" आमचे पोस्टमास्तर चकित.

"माझ्या फाटकापर्यंत शंभर पावलं यायला जड जात होतं ना? आता सात किलोमीटर आलात. काढा पैसे!"

दुपारच्या आत पातेलं रिकामं झालं. शेवटचे चार गोळे लुद्विकने खाल्ले.

"झ्लॉटी चढला की तुम्ही माझ्या अंगणात या," क्व्हेता म्हणाली. "तुमचे उपाशी लोक तेव्हा आमच्याकडे असतील."

वसंतात झ्लॉटी चढला. लुद्विक खरंच आला. कांदे, सॉसेज आणि भला मोठा तवा घेऊन, मिशा नीट कातरून. क्व्हेताने त्या दिवशी नवा झगा घातला होता, आणि मी माझी खुर्ची हळूच जरा लांब नेली.