आल्यावर सांगीन

कराडहून विट्याला जाणाऱ्या एस.टी.त बापलेक शेजारी बसले होते, पण स्टँड सोडल्यापासून दोघांत एक शब्द झाला नव्हता. उदयसिंह मांडीवर फाईल घेऊन सरळ बसला होता. फौजेतून निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी त्याची पाठ अजून वाकली नव्हती. नाथाजींची मात्र पार वाकली होती. पाच दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं.

पाच दिवसांपूर्वी उदयसिंह साताऱ्याला गेला होता. तिथल्या एका बँकेत त्याला पहारेकऱ्याची नोकरी लागत होती, फक्त पोलिसांचा दाखला हवा होता. दाखला देणाऱ्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हवालदार, तुमच्या नावावर विट्याच्या कोर्टाचं पकड वॉरंट आहे. तुम्ही फरार आहात." घरी येऊन तो तेवढंच म्हणाला, "आबा, मी बॉर्डरवर हुतो आन् कागदावर फरार हाय."

नऊ वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना विट्याच्या अलीकडं त्याच्या मोटारसायकलीनं एका माणसाला उडवलं होतं. भाऊसो नावाचा आटपाडीकडचा शेतकरी. त्याचा पाय मोडला. उदयसिंहानंच त्याला दवाखान्यात नेलं, ठाण्यात जामीन दिला आणि सुट्टी संपली तशी गाडी पकडली. पुढं काहीच कळलं नाही, म्हणून प्रकरण मिटलं असं तो धरून चालला होता.

पुढं काय झालं ते नाथाजींना ठाऊक होतं. ते त्यांनी पाच दिवसांत सांगितलं नव्हतं, आणि त्याआधी नऊ वर्षांत.

कोर्टासमोर वकील शिवांजली यांची एका खोलीची कचेरी होती. वय तिशीचं, बोलणं तोडून. त्यांनी कोर्टातून कागदांच्या नकला आधीच काढून ठेवल्या होत्या.

"समन्स मिळालं होतं?" त्यांनी विचारलं.

"एकबी न्हाई, मॅडम. मिळालं असतं तर रजा टाकून आलो असतो."

शिवांजलींनी समन्सचा एक कागद उलटा करून त्याच्यासमोर सरकवला. पाठीमागं मोठ्या, एकेक सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: मुलगा डूटीवर आहे. आल्यावर सांगीन. खाली नाथाजींची सही. तसाच दुसरा कागद. मग तिसरा.

उदयसिंहानं तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. मग मान वर न करता म्हणाला, "मॅडम, कोर्टात सांगा, आबांना वाचता येत न्हाई म्हना. शिपायानं सांगितलं तसं गिरवलं आसंल."

"येतं मला वाचायला," नाथाजी म्हणाले. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला बसून ते शिकले होते. "वाचूनच सही केली."

"आबा, गप बसा."

"नऊ वर्सं गपच हाय की रं."

शिवांजली म्हणाल्या, "खोटं सांगायचं नाही. आणि गरजही नाही. तुम्हाला कळलं नव्हतं, याला याच्याइतका चांगला पुरावा नाही. आणि आबा, अक्षर झकास आहे तुमचं. जजसाहेबांना चष्मा लागायचा नाही." हसलं कुणीच नाही. "पण एक ऐकून ठेवा. वॉरंट अजामीनपात्र आहे. आपण आपल्या पायानं आलोय, तरी साहेबांच्या मनात आलं तर आज आत जावं लागेल. मग नोकरीचं विसरा."

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ते पुकाऱ्याची वाट बघत बसले. पलीकडच्या फेटेवाल्यानं विचारलं, "कितवी तारीख, पाव्हनं?"

"पैलीच."

"मग डबा आनायचा हुता की."

नाथाजींनी मान हलवली. त्यांच्या आळीत घराआड घर फौजेत होतं, आणि एक शिस्त सगळ्यांनी पाळली होती. वर्दीवरच्या पोराला घरची रड कळवायची नाही. एकदा आळीतल्याच फौजी तानाजीच्या बायकोनं छप्पर पडल्याचं फोनवर सांगितलं, त्याला रजा मिळाली नाही, दोन रात्री डोळा लागला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो डोंगर चढताना ओझ्यासकट घसरला. पाठीला प्लास्टर घालून घरी आला. तेव्हापासून मनुबाईनं, उदयसिंहाच्या आईनं, घरात ठरवून टाकलं होतं. समन्स आलं की नाथाजी ते ट्रंकेत ठेवत. पोरगा सुट्टीवर येई, पहिले आठ दिवस नुसता झोपे. उद्या सांगू, परवा सांगू, म्हणता म्हणता सुट्टी सरे. पुढं कागद यायचे थांबले, शिपाईही येईना. मिटलं असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

दुपारी पुकारा झाला. उदयसिंह आत जाऊन सावधान उभा राहिला. शिवांजलींनी अर्ज दिला, ड्यूटीचा दाखला दिला, समन्सच्या नकला दाखवल्या. साहेबांनी कागद उलटून वाचला.

"नाथाजी कोण?"

नाथाजी बाकाला धरून उठले.

"आल्यावर सांगीन, असं लिहून दिलंत. सांगितलंत?"

"न्हाई, साहेब."

"का?"

"पोरगं बर्फात हुतं. घरी आलं की झोपायचं. झोपल्याला उठवून कोर्टाचं सांगावं, हे मला झालं न्हाई. चूक माजी हाय. आत घालायचं तर मला घाला."

"तुमच्या नावाचं वॉरंट नाही." साहेबांनी कागद खाली ठेवला. "ज्याचा पाय मोडला त्याचा खटला नऊ वर्षं तुमच्यामुळं थांबलाय. त्या माणसाचा विचार आला कधी?"

नाथाजींनी आठवून बघितलं. "न्हाई आला, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी अर्ज पुढं ओढून त्यावर दोन ओळी लिहिल्या. मग वॉरंट रद्द केल्याचं सांगितलं. नवा जामीन द्यायचा, आणि एकही तारीख चुकवायची नाही. चुकली तर पुन्हा दया नाही.

सातबारा, जामीनदार, शिक्के यांत चार वाजले. नोकरी वाचली, खटला मात्र चालणार होता. शिवांजली म्हणाल्या, "पुढच्या तारखेआधी भाऊसोंना जाऊन भेटा. समझोत्यासाठी नाही, नुसते भेटा. पुढचं पुढं."

स्टँडवर उदयसिंहानं दोन चहा आणले. एक बापाच्या हातात दिला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

"आबा, आनि काय काय सांगितलं न्हाई?"

नाथाजींनी चहा बाकावर ठेवला. "तुज्या आईला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. चार वर्सं झाली."

"मी सा महिनं घरात हाय, आबा."

"कळू देत न्हाई ती. ताट वाढताना आदी हात फिरवून बघती, मग वाढती."

उदयसिंहाचा चहा हातातच राहिला. कराडची गाडी फलाटाला लागली, माणसं दाराकडं पळाली. नाथाजी उठायला लागले, तर त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या ती गाडी. आनि?"

नाथाजी परत बसले. कुठून सुरू करावं ते त्यांना कळेना. मग आटलेल्या विहिरीपासून सुरू केलं.