गट्टूंखालचं अंगण

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून गोदाबाई पिशवी घेऊन चालत निघाली आणि स्वतःच्याच घरावरून पुढं निघून गेली. पार्बताबाईचं निळं फाटक समोर आलं तेव्हा ती थबकली. पार्बताबाई तिची शेजारीण, पलीकडच्या घरातली. म्हणजे आपलं घर मागं राहिलं. एप्रिलच्या उन्हात मान खाली घालून चालायची तिची सवय. पायाखाली सावली आली की आपलं फाटक आलं, हे अठ्ठावीस वर्षांचं ठरलेलं. आज सावली आलीच नव्हती.

ती मागं फिरली. फाटकाच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-करडे सिमेंटचे गट्टू बसवलेले होते आणि त्यांच्यावर एक नवी पांढरी गाडी उभी होती. पुढच्या काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा सुकलेला हार. कडुलिंब नव्हता. मोगऱ्याची दोन्ही झाडं नव्हती, जास्वंद नव्हती, मोरीचं पाणी जायचं तिथला अळू नव्हता. ज्या कढीपत्त्याच्या डहाळ्या अर्धी गल्ली न विचारता तोडून न्यायची, तोही नव्हता.

अकोल्यात जठारपेठेच्या मागं ही बारा घरांची गल्ली. सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, प्रत्येकापुढं खाटल्याएवढं का होईना अंगण सोडलेलं. गेल्या दहा वर्षांत एकेक अंगण गेलं. आधी गाडी यायची, मग गाडीसाठी गट्टू यायचे. गोदाबाईचं तेवढं उरलं होतं. ती परतवाड्याकडची, माळ्याची लेक. बापाची वांगी आणि शेवंती बाजारात नाव राखून होती. तिचा हात मातीवाचून राहत नसे. कडुलिंब मात्र तिनं लावलेला नव्हता. कुठल्या पाखराच्या विष्ठेतून पडला, उगवला, आणि तिनं तो उपटला नाही, एवढंच.

परतवाड्याला ती गेली होती ती भावजय पडली म्हणून. नत्थुजीच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गोदाबाईनं पंधरा दिवस तिथली चूल सांभाळली. रोज घरी फोन होत होता. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ऊन किती आहे. गट्टूंचा शब्द कोणी काढला नव्हता.

प्रीतम, तिचा मुलगा, हसत बाहेर आला. आईसाठी मुद्दाम गुपित ठेवलं होतं, म्हणाला. बाबांचे गुडघे दुखतात, दवाखान्यात न्यायला गाडी बरी. शिवाय आता पाचोळा नाही, चिखल नाही, विंचू-किड्याची भीती नाही. झाडायचे श्रमही वाचले. सून प्रणाली त्याच्या मागं दारात उभी होती, ती हसत नव्हती.

"लिंब कोनं तोडला?" गोदाबाईनं विचारलं.

"आई, मुळं घराच्या पायात शिरत होती. बंडू मिस्त्री म्हणे, उद्या भिंतीले तडा जाईन."

"मी इचारलं, कोनं तोडला."

प्रीतमनं सांगितलं, मशीनवाला आणला होता, दोन तासांत काम झालं. आपण ऑफिसात होतो. बाबा उभे होते.

गोदाबाई पिशवी न टेकवता आत गेली. समोरची खोली भट्टीसारखी तापली होती. आजवर या खोलीत दुपारी पंखाच पुरत असे. उत्तमराव पलंगावर बसले होते. ते सरकारी गोदामात कारकून होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बायकोला पाहून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसून झाला तरी ते पुसतच होते.

"पंधरा दिवस रोज फोनवर बोलले तुमी," ती म्हणाली. "एक डाव सांगता नाही आलं?"

"सांगतलं असतं तर तू नाही म्हनली असती."

"मंग नाहीच होतं ते."

उत्तमरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांना त्यात काही चूक वाटत होती की नाही, हे तिला त्यांच्या तोंडावरून कळेना, आणि तेच तिला सगळ्यात झोंबलं. प्रीतम तरुण आहे, त्याला गाडीची घाई होती, त्यानं झाड पाहिलंच नसेल. पण हा माणूस रोज सकाळी त्याच लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होता. आणि समोर उभं राहून यानंच तो पाडून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया गाडी पाहायला येऊ लागल्या. पार्बताबाईनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, बरं झालं बाई, तुमचा पाला आमच्या अंगणात उडून यायचा. गोदाबाईनं तिच्या हातात आणखी एक पेढा ठेवला. तिचा राग बोलून मोकळा होणाऱ्यातला नव्हता. पोळ्या लाटताना पोळपाट इतका आपटत होता की प्रणाली दोनदा येऊन पाहून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बंडू मिस्त्रीला चौकात गाठून विचारलं, माझी झाडं कुठं टाकली. बंडूनं सांगितलं, ट्रॅक्टरवाल्यानं मलब्याबरोबर बायपासच्या खड्ड्यात नेऊन ओतली. ती रिक्षा करून तिथं गेली. विटांच्या तुकड्यांमधून मोगऱ्याची मुळं वर आली होती, वाळून दोरीसारखी. तिनं एक ओढून पाहिलं. ते तुटलं. खड्ड्याच्या काठावर ती बराच वेळ उभी होती. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं, आता महापालिकेत चल.

मध्ये एकदा घरी थांबून तिनं कपाटातून घरपट्टीची पावती तेवढी घेतली.

उद्यान विभागात माधवी नावाची एक तरुण कर्मचारी टेबलावर होती. अर्ज गोदाबाईनं तिथल्याच बाकावर बसून, सातवी शिकलेल्या अक्षरात लिहिला. माधवीनं तो वाचला आणि विचारलं, परवानगीशिवाय झाड तोडलं ते कोणी.

"माह्या पोरानं. नवऱ्यानं उभं राहून तोडून घेतलं."

माधवीनं पेन खाली ठेवला. घरातल्या घरात मिटवता येणार नाही का, असं तिनं जपून विचारून पाहिलं. गोदाबाई म्हणाली, मिटवायचं असतं तर मी इथं कशाला आली असती. मग माधवीनं पावती पाहिली, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"काकू, घर तर तुमच्याच नावावर आहे. नोटीस तुमच्या नावानं निघेल."

गोदाबाईनं पावती हातात घेतली. गोदाबाई उत्तमराव, असं छापलेलं होतं. घर घेताना उत्तमरावांनी कसल्याशा सोयीसाठी तिच्या नावानं कागद केले होते. तिनं सही केली होती आणि विसरून गेली होती. तेही विसरले असावेत. इतकी वर्षं घर त्यांचं, गाडी मुलाची, अंगणही त्या दोघांनी आपसात ठरवून घेतलेलं.

"काढा नोटीस," ती म्हणाली.

चार दिवसांनी दोन माणसं पंचनाम्याला आली. त्यांनी सहा गट्टू उचलून खालचा बुंधा टेपनं मोजला, फोटो काढले. गल्लीत कोणी बाहेर आलं नाही. बाकीच्या अकरा घरांतूनही झाडं गेलेली होती आणि कोणीच परवानगी घेतलेली नव्हती. खिडक्यांचे पडदे मात्र हलत होते. प्रीतम ऑफिसातून धावत आला, माणसं जाईपर्यंत ओठ आवळून उभा राहिला, आणि मग फुटला. लोकांच्या आया पोरांसाठी जीव टाकतात, तू पोरावर तक्रार करते. लोक काय म्हणून राहिले, ऐकलं का. गाडी कोणासाठी घेतली, माझ्यासाठी का.

त्याचं होईपर्यंत गोदाबाई थांबली.

"तक्रार पोरावर नाही केली," ती म्हणाली. "झाड तोडनाऱ्यावर केली. तो माह्या घरात निघाला, त्याले मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिनं बंडूला बोलावून गट्टू काढायला सांगितलं. बंडूनं फोन काढला, प्रीतमभाऊंना विचारतो म्हणाला. तिनं पावती त्याच्यापुढं धरली. बंडूला वाचता येत होतं. पण तो डोकं खाजवत उभाच राहिला, तेव्हा तिनं त्याच्या हातातली लोखंडी सब्बल घेतली आणि फाटकाजवळच्या कडेत घातली. पहिला गट्टू निघायला वेळ लागला. त्यानंतर निघत गेले. थोड्या वेळानं बंडू मुकाट्यानं तिच्या शेजारी बसून उचलू लागला.

कोणीतरी कळवलं तसा प्रीतम आला, पण त्यानं गाडी हलवली नाही. किल्ली खिशात घालून तो पायरीवर बसून राहिला. गोदाबाईनं त्याला हलव असंही म्हटलं नाही. ती गाडीच्या भोवतीचे काढत गेली. दुपारपर्यंत चार चाकांखाली तेवढे गट्टू उरले आणि बाकी अंगण उघडं पडलं.

तेव्हा प्रणाली बाहेर आली. "काढा गाडी," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या थांबणार नाहीत." मग सासूकडं वळून हळूच म्हणाली, आई, मला आधीच वाटत होतं तुम्हाला विचारायला हवं.

"तुहा फोन बंद होता का?" गोदाबाई म्हणाली. प्रणालीचं तोंड उतरलं. ते पाहून गोदाबाईला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यावा असं वाटलं नाही.

प्रीतमनं गाडी काढून रस्त्यावर लावली.

खाली माती नव्हतीच. वीतभर काळी माती खोदून नेली होती आणि तिथं मुरूम अन् गिट्टीची चुरी दाबून भरली होती. त्यात कुदळ घातली की ठिणगी उडायची. गोदाबाईनं पंधरा दिवस ती चुरी घमेल्यांनी बाहेर काढली. नत्थुजीनं आपल्या वावरातली माती टेम्पोनं पाठवली आणि सोबत मोगऱ्याच्या काड्या. निम्म्या लागल्या, निम्म्या मेच्या उन्हात जळाल्या. महापालिकेचा आदेश आला: दहा झाडं लावायची, वर्षभरानं जिवंत दाखवायची. एक, कडुलिंबाचं, तिनं अंगणात लावलं, बाकीची नाल्याच्या काठी. त्यांना पाणी घालायला ती डबे घेऊन जाते.

मेच्या शेवटी गल्लीतल्या लोकांनी बैठक घेतली. तिनं आणखी कोणावर अर्ज करू नये, असं पार्बताबाईनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं. गोदाबाई म्हणाली, झालं ते तुमचं तुमी पाहा. पन आता कोनी कुऱ्हाड काढली, तर मले ऑफिसचा रस्ता मालूम हाये. तेव्हापासून तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत.

प्रीतम तिच्याशी कामापुरतं बोलतो. गाडीला रस्त्यावर ओरखडे पडले, ते तो रोज बोटानं मोजतो. दिवाळीनंतर पार्किंग असलेला फ्लॅट पाहू म्हणतो. ती म्हणाली, पाहा.

उत्तमरावांचं ताट ती वाढते आणि स्वतःचं घेऊन स्वयंपाकघरात बसते. एकदा संध्याकाळी ते रोपाला पाणी घालून आत आले, पाय पुसत दारात थांबले आणि म्हणाले, लिंबाला नवी पानं फुटली. पालवी तिनं सकाळीच पाहिली होती.

"हो," ती म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.