अकरावा प्रश्न

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरातच ते आहे. सांगलीत माझे वडील याकूबभाई शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. एखाद्या गिऱ्हाइकाने जरा जास्त वाकून सलाम केला, की ते आधी त्याची मशीन उघडून बघायचे. "साबेरा, फुकट विचारपूस कुणी करत नाही," असं ते मला सारखं सांगायचे. आणि मला पहिली नोकरी लागली ती नेमकी दारोदार फिरून विचारपूस करायची.

साल होतं १९७६. सांगलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे घोरपडे सर एक संशोधन करत होते. त्याचं नाव एका ओळीत मावायचं नाही: घणाच्या आवाजाचा कामगारांच्या मनावर, प्रकृतीवर, यंत्रकामावर आणि कारखान्याच्या धंद्यावर होणारा परिणाम. चार ठिकाणांहून मंजुरी मिळावी म्हणून सरांनी चार विषयांची मोट बांधली असावी, असं मला तेव्हाही वाटायचं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तापलेलं लोखंड यंत्राच्या अवजड घणाखाली ठोकून गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याचा दणका कोडोलीतल्या घरांमधली भांडी हलवायचा. तिथल्या चौसष्ट कामगारांना सर स्वतः कारखान्यात प्रश्न विचारणार आणि त्यांच्या बायकांना घरी जाऊन मी विचारणार, असं ठरलं. मी नुकतीच बी.ए. झाले होते, आणि साताऱ्यात सदर बझारला माझी मावशी, जरिनाखाला, राहायची. त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.

फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती वही माझ्या पिशवीत असायची.

दिवस आणीबाणीचे होते. हातात कागद घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? आमचा तिसरा प्रश्न होता, मुलं किती? तो विचारला की बाई ताडकन उठायची. धोंडुबाई नावाच्या एकीने मला सांगितलं, मालक पाव्हण्यांकडं विट्याला गेल्यात, चार दिवसांनी येतील. त्या वेळी मालक तिच्या मागे शिडीवरून माळ्यावर चढत होते आणि मला त्यांचे पाय दिसत होते. सरकार नसबंदीसाठी माणसं मोजतंय, अशी सगळ्यांची खात्री होती. मी तो प्रश्न शेवटी विचारायला लागले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

अकरावा प्रश्न मात्र बायकांना फार आवडायचा. पती तुमचे बोलणे ऐकतात का? तो विचारला की त्यांची कळी खुलायची. एक म्हणाली, "माझं? त्यांच्या आईचं ऐकत्यात." दुसरी म्हणाली, "ऐकलं असतं तर ह्या गावात आलो असतो व्हय?" हसत हसत जवळजवळ सगळ्या "न्हाई" म्हणायच्या आणि मी 'नाही'वर खूण करायची. पुरुषांच्या फॉर्मवर त्याच जागी प्रश्न होता, वरिष्ठांच्या सूचना तुम्ही ऐकता का? तिथे चौसष्टपैकी चौसष्ट 'होय'.

जुलैच्या मध्यावर सरांनी मला बोलावलं. कारखान्याने आम्हाला गेटजवळ एक खोली दिली होती. सरांच्या पुढ्यात माझे फॉर्म रचून ठेवले होते.

"चौसष्टपैकी अठ्ठावन्न बायका एकच उत्तर देतात," सर म्हणाले. "कुठल्या झाडाखाली बसून भरलेस हे?"

मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. चिखल तुडवून, कुत्री चुकवून आणलेली उत्तरं होती ती. पण सरांना माझे फॉर्म खोटे वाटत होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. दहा घरी पुन्हा जा, म्हणाले, उत्तर तेच येतंय का बघ, नाहीतर आपला संबंध संपला.

मी सगळ्यात आधी गेले ती राहीबाईकडे. तिचा नवरा जोतीराम हा माझ्या वहीतला एकेचाळीस नंबर. लष्करात तोफखान्यात हवालदार होता, तिथून सुटल्यावर घणावर लागलेला. राहीबाई मूळची पलूसची, बोलायला खणखणीत. मी गेले तेव्हा ती सोप्यात ज्वारी निवडत होती आणि जोतीराम पाठ करून, खुंटीला आरसा टांगून दाढी करत होता.

"अकराव्या प्रश्नाला तुम्ही नाही म्हणाला होता," मी म्हटलं. "ते खरंच ना?"

"आवं बाई, किती येळा सांगू? न्हाईत ऐकत."

"म्हणजे कशाबद्दल ऐकत नाहीत?"

राहीबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की एवढं शिकून हिला काय कळतंय. मग तिने ज्वारी पदरात ओतून घेतली, रिकामी पितळेची परात उचलली आणि जोतीरामच्या मागे जाऊन फरशीवर आपटली. परसातल्या कोंबड्या उडाल्या. शेजारीण दारात येऊन गेली. जोतीराम वस्तरा गालावरून खाली आणत राहिला, त्याची मानसुद्धा हलली नाही.

"ह्याबद्दल," राहीबाई म्हणाली.

ती माझ्यासमोर बसली आणि आवाज न चढवता बोलायला लागली. "निम्मं कान तोफंनं खाल्लं, ऱ्हायल्यालं घणानं. जोडीला रसूल हाय म्हनून चाललंय. घण सोडायच्या आदी समदी 'हात काढ' म्हनून वरडत्यात. ह्यांना ते ऐकायला येत न्हाई, मग रसूल सांडशीनं खांद्याला टोचतो. पर रसूल एक दिस नसला तर? बाई, तुमी सायबाला सांगा. झाडलोटीला ठिवा म्हनावं, पगार कमी करा म्हनावं, पर त्या घणाखालनं काढा."

तोवर जोतीरामने मला आरशात पाहिलं होतं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो आला. बायकोचा चेहरा बघूनच विषय काय चाललाय ते त्याला समजलं असावं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. त्याचा तर गल्लीत ऐकू जाईल एवढा होता.

"बाई, ह्यातलं काय लिवू नगासा. तुमच्या सरांनी इचारलं, वरिष्टांचं ऐकता का. मी म्हनलं ऐकतो. न ऐकून कुटं जातोय? आजकाल न्हाई म्हनल्याला आत घालत्यात. समद्यांनी ऐकतोच म्हनून सांगितलंय. आता भैरा म्हनून काढलं तर पुन्ना उबं करनार कोन?"

"ह्यांच्या नादाला लागू नगा," राहीबाई म्हणाली. "तुमी सांगाच."

बाकीची नऊ घरं तशीच ठेवून परत येताना मी वाटेत थांबले आणि सरांनी ज्यातून प्रश्न घेतले होते ते इंग्रजी पुस्तक पिशवीतून काढून पाहिलं. मूळ प्रश्न साधा होता, माणसाला ऐकायला येतं की नाही. सरांनी त्याचं मराठी केलं 'ऐकता का', आणि कामगारांना वाटलं कंपनी त्यांची निष्ठा तपासतेय. बायकांपैकी कुणी नवऱ्याच्या हट्टाची तक्रार केली होती, कुणी त्याच्या कानाची, आणि मी सगळ्यांपुढे एकच खूण केली होती. चूक सरांची होती आणि माझे फॉर्म खरे होते. मला आनंद झाला. आता सरांच्या तोंडावर हे सांगायचं, असं मनाशी ठरवून मी झपाझप चालत आले.

खोलीत सरांसमोर लालासाहेब भोईटे बसले होते. हे कामगार अधिकारी, तेही लष्करातून निवृत्त, मिशा पिळलेल्या. मला बघून ते उठले, खुर्ची पुढे केली आणि शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. दोन महिन्यांत त्या कारखान्यात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"मला फक्त एक यादी हवी, सर," लालासाहेब म्हणाले. "ज्यांच्या कानात दोष आहे, त्यांची. नंबर नको, नावं द्या." ते माझ्याकडे बघून हसले आणि गेले.

चहा माझ्यासमोर निवत होता. मला वडील आठवले. संप करायची सोय नाही, युनियनचे लोक तोंड मिटून बसलेले, अशात कामगार अधिकाऱ्याला बहिऱ्यांची नावं कशाला हवीत? हाकलायलाच. मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचवून घ्यावं असंही वाटलं नाही.

"गेलीस का त्या दहा घरी?" सरांनी विचारलं. "ऐकत नाही म्हणजे काय म्हणतात त्या?"

"काय म्हणणार? पुरुष बायकांचं ऐकत नाहीत," मी म्हटलं. "हट्टी आहेत सगळे."

"कानाबिनाचं काही नाही ना?"

"नाही."

सर खूश झाले. माझ्यावरचा संशय क्षणात उडाला. त्यांनी कागदावर लिहिलं: वरिष्ठांशी आज्ञाधारक, कुटुंबात दुराग्रही. त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "साबेरा, हे नवीन आहे. हे कुणी मांडलेलं नाही." मला हसू आवरत नव्हतं. घरी जाताना मी मनाशी म्हणत होते की एका बाईने एवढ्या मोठ्या कारखान्याला बनवलं आणि किती जणांची नोकरी वाचवली. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

नंतर राहीबाई मला दोनदा भेटली. एकदा मोती चौकात, एकदा स्टँडवर. दोन्ही वेळा तिने विचारलं, "सांगितलं का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "सांगितलंय, बघतो म्हणाले." तिला खरं सांगायचं म्हणजे वाद आला. ती जाऊन सांगेल आणि नवऱ्याच्या पायावर धोंडा पाडून घेईल, असं मला वाटत होतं. आपल्याला तिच्यापेक्षा जास्त कळतं, अशी माझी समजूत होती.

सप्टेंबरच्या शेवटी रमजान ईद आली. मी सांगलीला गेले. रसूलही दोन दिवस रजेवर गेला. त्याच्या जागी जोडीला दिलेला माणूस कोरेगावकडचा, नवा. त्याला जोतीरामचं काहीच माहीत नव्हतं. तो "हात काढ" म्हणून ओरडला, एकदा नाही, तीनदा ओरडला, आणि त्याने घण सोडला. जोतीरामचा उजवा हात मनगटापासून गेला. मी तेव्हा घरी शिरखुर्मा खात होते. हे मला जरिनाखालाने परत आल्यावर दारातच सांगितलं.

मी तडक लालासाहेबांच्या ऑफिसात गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. भांडायलाच गेले असेन. मी म्हटलं, "तुमच्या घणाने माणसाचा हात घेतला."

ते म्हणाले, "तो बहिरा होता म्हणे. मला आता कळतंय. स्टोअरमध्ये सहा जागा काढून ठेवल्या होत्या मी. कान गेलेल्यांना तिकडे न्यायचं होतं, त्याच पगारावर. तोफांजवळ मीही होतो, बाई. म्हणून यादी मागितली. तुमच्या सरांनी लेखी कळवलं, एकाच्याही कानात दोष नाही."

आता झाल्यावर सगळेच असं बोलतात, मी मनात म्हटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. सहा जागांचा मंजूर झालेला अर्ज होता. तारीख जूनची, आम्हाला यादी मागण्याच्या आधीची. मी ती दोनदा वाचली आणि मग सही बघितली. तीही खरी होती.

दवाखान्यात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वॉर्डात दहाबारा खाटा होत्या. जोतीराम उशीला टेकून बसला होता, हाताच्या जागी पांढरं गाठोडं. राहीबाई खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत होती. मला बघून ती उठली आणि स्टूल पुसून दिलं. "बसा," ती म्हणाली. "तुमी तरी किती करनार? तुमी सांगून बी त्यांनी मनावर घ्येतलं न्हाई. सायेब लोक असंच असत्यात."

मी बसले. तिला सगळं सांगायचं ठरवूनच मी आले होते. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण ती माझ्या बाजूने बोलत होती आणि मला तोंड उघडवेना.

तेवढ्यात जोतीरामचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याचा चेहरा उजळला. डावा हात छातीशी नेऊन तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही बाई लय भली. शबुद पाळला हिनं. आमी सांगितलं लिवू नगासा, तर शेवटपातूर कुनाला माजं नाव सांगितलं न्हाई. हात ग्येला त्यो ग्येला, पर भैरा म्हनून कुनी हाकाललं तर न्हाई."

राहीबाईचं मोसंबं सोलणं थांबलं. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली, त्यातच तिला सगळं समजलं.

"तुमी तर सांगितलं म्हनला व्हता," ती हळू आवाजात म्हणाली.

जोतीरामला ते ऐकू गेलं नाही. तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला माझं कौतुक सांगत होता.