पान एकशे बारा

दिवस पहिला

पुस्तक एकशे दहा पानांत संपलं, तिथून सगळं सुरू झालं.

छपाईशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जातं. सात फर्मे म्हणजे एकशे बारा पानं. शेवटी दोन पानं उरली. एकावर पुढच्या पुस्तकांची जाहिरात बसली. दुसरं, एकशे बारावं, कोरं राहिलं.

"शुभदा, हे पान खाली दिसतंय," प्रकाशनाचे मालक उदय ब्रदर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "खाली पान दिसलं की लोकांना वाटतं, आपल्याला फसवलं. काहीतरी टाक ना. नियमबियम. प्रार्थना कशी करावी वगैरे."

"मी लिहू?"

"मग काय शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाला बोलवू? लिही गं. जेवायच्या सुट्टीच्या आत दे. छापखान्याचा मुलगा न्यायला येतोय."

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या एका गाळ्यात ‘भरलं पात्र प्रकाशन’ होतं. शुभदा तिथे मराठी टाइप करायची, पानं लावायची. पुस्तकाचं नाव ‘चाळीस दिवस, चाळीस दारं’. रोज एक प्रार्थना, रोज एक दार. चौथ्या दिवशी नोकरीचं, नवव्या दिवशी स्वतःच्या फ्लॅटचं, सतराव्या दिवशी व्हिसाचं, तेविसाव्या दिवशी आरोग्याचं. उदय ब्रदर काही लबाड माणूस नव्हते. रोज सकाळी गाळ्याचं शटर उघडण्याआधी ते डोळे मिटून उभे राहायचे. आशा विकली तर आशा वाढते, असं त्यांना मनापासून वाटायचं.

शुभदाला भूक लागली होती. पर्समध्ये घशाच्या गोळ्यांचं पाकीट होतं, त्यावर डॉक्टरने पेनाने लिहिलं होतं, ‘कोर्स पुरा करणे’. तेवढ्यावरून तिला सुचलं. पाच नियम झाले. चौथा असा:

‘एकही दिवस चुकवू नये. चुकल्यास पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. खंडित प्रार्थना वर पोहोचत नाही.’

शेवटचं वाक्य तिला फार आवडलं. पान छान भरलं. मग तिने डबा उघडला.

दिवस दुसरा ते बाविसावा

हे दिवस या गोष्टीत नाहीत. चुकले, तरी गोष्ट पोहोचेल.

दिवस तेविसावा

पुस्तक निघून बरेच महिने झाले होते. शुभदाची मराठी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाच्या बोटाएवढ्या पेल्यांचा ट्रे रांगेतून हातोहात पुढे जायचा.

त्या रविवारी शुभदा वैजयंताकाकूंच्या शेजारी बसली होती. काकू तिच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान धर्माजी तीस वर्षं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात होते. भांडी आरशासारखी झाली आणि छातीत धूळ साठत गेली. पाच महिन्यांपूर्वी ते गेले.

ताटली आली. काकूंनी ती न बघता पुढे सरकवली. पेल्यांचा ट्रे आला. तोही सरकवला.

बाहेर पडल्यावर शुभदाने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग घेतलं नाहीत ते?"

काकूंनी पदर सारखा केला. "ज्याच्या हातून माणूस गेलं, त्याने तो पेला घेऊ नये. वर ये. चहा टाकते."

वर आल्यावर त्यांनी चहा टाकला नाही. बायबल ठेवलं होतं त्या फळीवरून एक पुस्तक काढून शुभदाच्या हातात दिलं. चाळीस दिवस, चाळीस दारं. कोपरे झिजलेले. ते आपोआप शेवटच्या पानावर उघडलं. चौथ्या नियमाखाली लाल पेनाने रेघ होती.

"बावीस दिवस एक चुकला नाही बघ," काकू म्हणाल्या. "आयसीयूच्या बाहेर, बाकड्यावर, जिथे असेन तिथे. तेविसाव्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. आरोग्याचं दार होतं त्या दिवसाचं. हाच दिवस गं! मी पुस्तक उघडलं आणि बसल्या बसल्या डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, ते चादरीखाली. दिवस गेला निघून."

"मग?"

"मग काय. नियमच आहे. चोविसाव्याला पहिल्यापासून धरलं. त्याच्या अठराव्या दिवशी हे गेले." त्या बोटांवर मोजू लागल्या, हजारदा मोजलेलं असावं तसं. "मी झोपले नसते, तर त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी चाळीस भरत होते. आदल्या दिवशी! एका दिवसाने घालवला मी माणूस."

शुभदाला स्वतःचं वाक्य दिसत होतं. खंडित प्रार्थना वर पोहोचत नाही. पूर्णविरामसुद्धा तिनेच दिलेला.

"येते मी, काकू," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

उरलेला पेला

विमलाबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, मग गावोगाव फिरून बायकांना शास्त्र शिकवणारी बायबल-बाई झाल्या. आता पंच्याहत्तरीला आल्या, तरी मंडळीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. प्रभुभोजनाचे पेले धुवायचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नव्हतं. सोमवारी संध्याकाळी शुभदा गेली तेव्हा त्या मोरीपाशी पाटावर बसल्या होत्या. समोर ट्रे.

"सलाम, बाई," मंडळीतल्या रीतीप्रमाणे शुभदा म्हणाली.

"सलाम. ये. फडकं घे. हे फुटतील असे दाबू नकोस, मागच्या वेळी मदतीला आलेल्या संचिताने दोन फोडले."

शुभदा पेले पुसू लागली. एक पेला बाजूला होता, काठोकाठ भरलेला.

"हा?"

"माणसं मोजून भरते मी. पाच महिने एक उरतोय." विमलाबाईंनी तो खिडकीतल्या कुंडीत हलकेच ओतला. "कोणाचा ते मला माहीत आहे. का, ते माहीत नाही. विचारलं, तर विषय बदलते."

"मला माहीत आहे, बाई." आणि शुभदाने सगळं सांगून टाकलं. फर्मा, भूक, घशाच्या गोळ्या, चौथा नियम, काकूंचा चुकलेला तेविसावा दिवस.

विमलाबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे देवाचा नियम तू गोळ्यांच्या पाकिटावरून काढलास."

शुभदाने मान खाली घातली.

"बाई, उदय ब्रदर म्हणतात, लोकांना आशा हवी असते. मागितल्याशिवाय मिळत नाही, असं शास्त्रातही आहे ना?"

"आहे की. माग ना. मी रोज मागते, गुडघ्यासाठी मागते, पाणी वेळेवर यावं म्हणूनसुद्धा मागते. मागण्यात पाप नाही. पण मागणं आणि चावी फिरवणं यात फरक आहे. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूने स्वतः मागितलं होतं ना, हा पेला माझ्यापासून टळो म्हणून? घाम गळेपर्यंत मागितलं. टळला?"

"नाही."

"मग त्याचा कुठला दिवस चुकला होता?"

शुभदाने दुसरा पेला पुसायला घेतला.

"आणि शिष्य काय करत होते त्या वेळी?"

शुभदाचा हात थांबला. "झोपले होते."

"घोरत होते! एकदा नाही, तीनदा आला तो, तिन्ही वेळा झोपलेले. वाईट वाटलं त्याला, बोललासुद्धा. पण सोडून दिलं का त्यांना? त्याच झोपाळूंना घेऊन पुढे चालला." विमलाबाई एकेक पेला उपडा ठेवत होत्या. "ज्या प्रार्थनेत आजारी माणसाचं ओझं आजारी माणसाच्या बायकोच्या डोक्यावर बसतं, ती प्रार्थना नव्हे. तो धंदा. आणि धंद्यात माल पोहोचला नाही, की गिऱ्हाइकाचीच चूक काढतात. फॉर्म नीट भरला नाही म्हणून!"

"तुम्ही सांगाल का काकूंना? तुमचं ऐकतील त्या."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी धीर देतेय. ते पान मी लिहिलेलं नाही."

दिवस तेविसावा, पुन्हा

मंगळवारी कामावर जाण्याआधी शुभदाने दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. एक भाजी गॅसवर टाकून काकू दुसरी चिरत होत्या.

"काकू, तो चौथा नियम मी लिहिलाय."

"टाइप केलास, माहीत आहे मला."

"टाइप नाही. मी मनाने लिहिला. एक पान रिकामं होतं, ते भरायचं होतं. कुठल्या शास्त्रात नाही तो. मला भूक लागली होती, आणि मी लिहिला."

सुरी थांबली. काकूंनी ती ताटात ठेवली.

"पाच महिने," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो ऐकवत नव्हता. "पाच महिने मी त्या माणसाच्या फोटोकडे पाहिलं नाही, शुभदा. आणि तू जिन्यात भेटलीस की विचारायचीस, काकू, जेवलात का?"

"हो."

"जा आता. जा इथून."

शुभदा उठली. दाराशी पोचली, तेव्हा तिला राहवलं नाही. "काकू, एकच विचारते. त्या दिवशी तुम्ही चादरीखाली उठलात म्हणालात. चादर कोणी घातली?"

"कोण घालणार? ह्यांनीच. सिस्टरने सांगितलं नंतर. स्वतः थंडीने काकडत होते, उठायची ताकद नव्हती, तरी सलाइनचा हात सांभाळून स्वतःची चादर काढली आणि माझ्या अंगावर..." काकू अडखळल्या. "तेच तर डाचतं ना मला! ते काकडत होते आणि मी झोपले होते, प्रार्थना सोडून."

"प्रार्थना सुटली कुठे, काकू? त्या दिवसाची त्यांनी केली!"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच उठल्या. टीव्हीवर भिंतीकडे तोंड करून एक फोटो ठेवलेला होता. त्यांनी तो सरळ केला, पदराने पुसला आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडू लागल्या.

"मेल्या माणसा," त्या फोटोला म्हणाल्या, "सांगायचं तरी होतंस!"

शुभदाला त्यांनी माफ केलं का? त्या दिवशी नाही. पण "जा" हेही पुन्हा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाजी करपेल. गॅस बारीक कर."

दुसरी आवृत्ती

गाळ्यात त्याच आठवड्यात दुसऱ्या आवृत्तीची घाई होती. मीरा रोडला मोठी सभा होणार होती, तिथे पुस्तक ठेवायचं होतं.

"ब्रदर, शेवटचं पान काढतेय मी," शुभदा म्हणाली आणि का, तेही सांगितलं.

उदय ब्रदर खुर्चीत मागे रेलले. "वाईट झालं. खरंच वाईट झालं. पण एका बाईने जास्त मनाला लावून घेतलं म्हणून... किती लोकांचे फोन येतात मला, दार उघडलं म्हणून!"

"ज्यांचं उघडलं नाही, ते फोन करतात का, ब्रदर?"

उदय ब्रदरांनी टेबलावरचा फोन पालथा ठेवला.

"ते घरी बसून आपला चुकलेला दिवस शोधतात. ते पान राहणार असेल तर खाली माझं नाव छापा. लोकांना कळू दे कोणी लिहिलंय. नाहीतर दुसरं कोणी बघा टाइप करायला."

उदय ब्रदरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि मुखपृष्ठावरची दारं? तीही काढू म्हणशील."

"ते तुम्ही ठरवा. मी माझं पान काढतेय."

"काढ," ते शेवटी म्हणाले. "पण रिकामं नको दिसायला."

कोरं पान

दुसऱ्या आवृत्तीत दारं चाळीसच राहिली. उदय ब्रदर अजून विचार करताहेत. एकशे बाराव्या पानावर मात्र मधोमध बारीक अक्षरांत दोनच ओळी आहेत:

‘हे पान मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. एखादा दिवस चुकला, तर तो इथे ठेवा.’

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रे रांगेतून आला. वैजयंताकाकूंनी तो हातात धरला. इतका वेळ धरला, की पलीकडची पंचशीला कोपराने ढोसून म्हणाली, "पुढे द्या की!" तेव्हा काकूंनी एक पेला उचलला आणि प्यायल्या. सोमवारी विमलाबाईंच्या कुंडीला साधं पाणी मिळालं.

मित्रहो, आपल्या घरात कुठल्या ना कुठल्या धर्माचं असं एक पुस्तक असतं. इतके दिवस, इतक्या वेळा, अमुक फळ. ते लिहिणारा माणूस असतो, त्याला भूक लागते, त्याला पान भरायचं असतं, हे आपण विसरतो. देवाशी बोलायला नियम लागत नाही, हप्ता लागत नाही आणि खंड पडला म्हणून कोणी वरून दार लावत नाही. देव झोपलेल्याला सोडून जातो असं जो कोणी सांगेल, त्याचं पुस्तक खुशाल मिटून ठेवा. आणि घरातलं कोणी थकून बसल्या जागी झोपलंच, तर त्याला उठवू नका. अंगावर चादर घाला. त्या दिवसाची प्रार्थना झाली!