चुन्याच्या रिंगणात

ओव्हरसियरनं मुठीतून चुना सोडत सोडत रिंगण ओढलं आणि कौसल्या दोन पावलं मागं सरली. रिंगण तिच्याच परसात पडलं होतं, उंबराच्या सावलीला, वारुळापासून आठ हातांवर. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती. ती रिकामं टोपलं उगाच या हातातून त्या हातात घेत उभी होती.

विहीर व्हावी असं तिलाही वाटत होतं. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं मेलेली गुरं ओढणं सोडलं, आणि गावानं आपल्या विहिरीवर वरून ओतून मिळणारं पाणी बंद केलं. तेव्हापासून अडीच वर्षं बाया नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. एक घागर भरेपर्यंत सावली पायाखाली यायची. म्हणून पंचशील मंडळ निघालं. ठरलं असं, की अर्धा खर्च सरकारच्या विकास ब्लॉकातून आणि अर्धा वस्तीचा. वस्तीकडे पैसा कुठला? मग म्हाताऱ्या रुखमाबाईनं तोड काढली. रोज दळायला बसताना घरटी एक मूठ ज्वारी विहिरीच्या नावानं बाजूला काढायची. दर रविवारी ती टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि लाज सोडून बोलायची, "काय व, तुही मूठ लय बारीक झाली. बोटं झडली का?"

अशा दोन वर्षांच्या मुठी कौसल्याच्या घरच्या कणगीत साठल्या होत्या. तिचा नवरा डोमाजी मंडळाचा सेक्रेटरी, आणि नवराबायको दोघांवर वस्तीचा भरवसा.

भरवसा म्हटलं की तिला घाम फुटायचा.

दीक्षेनंतरच्या पौषात सगळ्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपल्यांत भरले आणि नाल्याच्या डोहात सोडले. डोमाजी सगळ्यांच्या पुढे होता. कौसल्याच्या टोपल्यात फडक्याखाली दोन गोटे आणि कुंकवाचा रिकामा करंडा होता. मरीमायचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती बोटभर देवी, तिनं लाल फडक्यात बांधून परसात हातभर खोल पुरला होता. आदल्या वर्षी तिच्या सत्यभामेला देवी आल्या होत्या. पोरीनं सहा दिवस डोळा उघडला नव्हता. सातव्या दिवशी उघडला. तो कोणी उघडला याची कौसल्याला खात्री नव्हती, आणि खात्री नसताना मरीमायला पाण्यात ढकलायची तिची छाती झाली नाही. एवढंच. पुढे तिनं कधी दिवा लावला नाही की हळद वाहिली नाही. जमिनीत असू दिलं.

आणि आता पुरलेली जागा नेमकी रिंगणात आली होती.

मंडळाचा ठराव सरळ होता. ज्याच्या घरचा जुना देव सापडेल ते घर मंडळाबाहेर, आणि त्या घराची घागर विहिरीवर नाही. ठराव मांडला अध्यक्ष धर्मपालनं आणि वहीत उतरवला डोमाजीनं, आपल्या वळणदार अक्षरात. दीक्षेपर्यंत धर्मपालचं नाव उकंडा होतं. रुखमाबाई त्याची माय, त्यामुळे भर बैठकीतही ती त्याला उकंड्याच म्हणायची.

त्या संध्याकाळच्या बैठकीत कौसल्यानं धीर करून तोंड उघडलं.

"त्या वारुळात नाग हाये," ती म्हणाली. "म्या पाह्यला. नाल्याकडची दुसरी जागा घेतली तर?"

"तिथं पाच हातावर काळा दगड हाये, वहिनी," धर्मपाल म्हणाला. "दोन वर्साची ज्वारी दगडात घालावं का?"

"अन् नागाचं काय व," रुखमाबाई म्हणाली, "तो का मंडळाचा मेंबर हाये, त्याले विचाराले?"

सगळे हसले. डोमाजी हसला नाही. त्यानं वहीतून मान वर केली, बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा लिहू लागला. कौसल्यानं नजर चुकवली. यांना कळलं की काय?

गुरुवारी खोदकाम सुरू होणार होतं. त्याआधी मंगळवारी फुलसावंगीचा बाजार. कणगीतली ज्वारी विकायला सगळी वस्ती बैलबंड्यांमागं गेली. कौसल्यानं पोट दुखत असल्याचं सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. भर दुपारी ती विळा घेऊन रिंगणात बसली. उंबरापासून सात पावलं, तिनं तेव्हा मोजली होती. हातभर खणलं. काही लागलं नाही. डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं. नखांत माती गेली, विळ्याचं टोक वाकलं. लाल फडक्याची चिंधीसुद्धा हाती आली नाही.

आतापर्यंत तिला देव सापडण्याची भीती होती. देव न सापडणं त्याहून भयंकर निघालं. कोणीतरी तो काढला होता. म्हणजे वस्तीतल्या कोणालातरी ठाऊक होतं, आणि तो माणूस रोज तिला रामराम सोडून नवा जयभीम घालत होता. की मरीमाय आपल्या पायानं निघून गेली? मग ती गेली कुठं, आणि कोणाच्या घरी? खड्डे बुजवून, चुना सारखा करून ती घरात आली. गुरुवारपर्यंत ज्यानं ज्यानं तिच्याकडे पाहिलं, तो तिला जाणता वाटला. धर्मपालनं सहज विचारलं, "पोट कसं हाये, वहिनी?" आणि तिच्या हातातलं शेणाचं टोपलं पडलं.

गुरुवारी सकाळी सगळे रिंगणाभोवती जमले. पूर्वी नारळ फोडला असता. आता धर्मपालनं नवी रीत बसवली होती. आधी वंदना, मग हात जोडून प्रत्येक घरानं म्हणायचं, आमच्या घरी जुना देव नाही, आमच्या मनात त्याचं भेव नाही. मगच कुदळ.

एकेक घर म्हणत गेलं. कौसल्याची पाळी आली. वंदना म्हणून जोडलेल्या हातांनी खोटं बोलणं तिला जमेना.

"मी नाई म्हनू शकत," ती म्हणाली. "म्या मरीमायचा टाक इथंच पुरला होता. आता तो इथं नाई. कोनाजवळ असंन तर त्यानं द्यावा. अन् आमाले बाहेर काढा, पर सत्येच्या बापाले यातलं काही मालूम नाई."

डोमाजी खाकरला.

"मालूम हाये," तो म्हणाला. "म्याच काढला."

कौसल्या त्याच्याकडे वळली.

"मागल्या मिरगात दोडक्याचं आळं खणत होतो, तवा लागला. उमरखेडले गेलतो, जाता जाता पैनगंगेत सोडला."

"मले काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू," तो म्हणाला. वळणदार अक्षराचा तो माणूस शब्द चाचपत होता. "सोडला अन् मीच भेलो. महिनाभर तू झिऱ्यावर गेली की पोरीच्या कपाळाले हात लावून पाह्यत होतो, ताप तर नाई आला."

धर्मपालचा चेहरा पडला. ठराव त्याचा, आणि सापडला कोण, तर सेक्रेटरी. "नियम तो नियम," तो हळूच म्हणाला. "घर बाहेर—"

"उकंड्या," रुखमाबाई म्हणाली, "हे घर बाहेर काढशीन तर विहीरही त्याइच्याच परसात राहीन. मग तू घागर घेऊन जाशीन कुठं?"

धर्मपालनं रिंगणाकडे पाहिलं. म्हातारी थांबली नाही.

"अन् ठराव देवाचा हाये. देव तर गेला पैनगंगेत. भेवाचा ठराव करायचा असंन तर पयले मले काढ. पोराइले शिंक आली तरी माहं काळीज अजून दचकते." तिनं कुदळ उचलून कौसल्याच्या हातात दिली. "लपवलं त्याचा दंड. पयला घाव तुहा."

कौसल्या रिंगणात उतरली. डोमाजी मागं येऊन उभा राहिला.

"तुमाले अजून भेव वाटते?" तिनं मान न वळवता विचारलं.

"वाटते," तो म्हणाला. "मार तू."

तिनं डोळे मिटून घाव घातला. चुना उडाला, काळी माती फुटली. ती कुदळ तशीच रुतलेली ठेवून थांबली, आतून काही येतं का, मागून सत्यभामेची हाक येते का, याचा कानोसा घेत.

"थांबली काहून व?" रुखमाबाई म्हणाली. "एका घावात पानी येत नसते."

कौसल्यानं कुदळ उपसली. भीती होतीच. ती घेऊनच तिनं दुसरा घाव घातला.